थांबा नसलेला महामार्ग

फोनवर नकाशा उघडा आणि इंग्रजीत कंधार टाइप करा. नकाशा बहुतेक आधी अफगाणिस्तानात जाऊन येईल. शेजारी नांदेड लिहिलंत, तर मन्याड नदीच्या काठचं आमचं गाव सापडेल. राष्ट्रकूटांच्या काळातलं कंधारपूर, खंदकाने वेढलेला भुईकोट किल्ला, हाजी सय्याह यांचा दर्गा, आणि केशवराव धोंडग्यांनी गुराख्यांचं साहित्य संमेलन भरवलं तो हा मुलूख. गावाला रेल्वे नाही. जवळचं मोठं स्टेशन नांदेड, पन्नासेक किलोमीटरवर.

आता त्याच नकाशावर वर्ध्याजवळच्या पवनारवर बोट ठेवा आणि ते गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत ओढत न्या. मध्ये यवतमाळ, हिंगोली, नांदेड, परभणी, बीड, लातूर, धाराशिव, सोलापूर, सांगली, कोल्हापूर लागेल. हा झाला शक्तिपीठ महामार्ग. २४ जून २०२५ ला राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली तेव्हाचे आकडे असे: ८०२ किलोमीटर, १२ जिल्हे, अंदाजे खर्च ८६ हजार कोटी रुपये. नागपूरहून गोव्याला १८ तास लागतात ते ८ तासांवर येतील, असं सांगितलं जातं.

मला हा महामार्ग नको आहे. आणि तो कंधारहून गेला असता तरी नको असता. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. कारण आमच्या भागातला माणूस महामार्गावर बोलायला लागला की सगळे गृहीत धरतात, याचं दुखणं एवढंच की रस्ता आपल्या गावावरून गेला नाही. तसं दुखणं असणारे आहेत. गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन महिन्यांनी कुणीतरी नकाशा टाकतं आणि खाली 'आपला तालुका पुन्हा वगळला' असं लिहितं. त्या दोस्तांशीही मला भांडायचंय. पण आधी सरकारशी.

पहिला मुद्दा इतका साधा आहे की तो मांडायची लाज वाटते. हा रस्ता आधीच आहे.

लोह्याला जा. कंधारहून पंधराएक किलोमीटर. तिथून राष्ट्रीय महामार्ग ३६१ जातो. एका बाजूला तो नांदेड, अर्धापूर, उमरखेड, यवतमाळ, वर्धा करत नागपूरजवळच्या बुटीबोरीला पोचतो. दुसऱ्या बाजूला माळेगाव, अहमदपूर, लातूर, औसा करत तुळजापूरला. तुळजापूरहून सोलापूर हाकेच्या अंतरावर, आणि सोलापूरहून सांगली-कोल्हापूर-रत्नागिरीकडे राष्ट्रीय महामार्ग १६६. लोक या सगळ्याला मिळून नागपूर-रत्नागिरी महामार्ग म्हणतात. गेल्या दहा वर्षांत त्याचं चौपदरीकरण झालं. त्यासाठी जमिनी गेल्या, झाडं गेली, टोलनाके बसले. त्या जमिनींचे पैसे मिळून लोक जरा स्थिरावले नाहीत, तोच समांतर रेषेची मोजणी सुरू झाली. दोन रेषा नकाशावर एकमेकींवर ठेवून बघा. वर्धा दोन्हीत, यवतमाळ दोन्हीत, नांदेड, लातूर, धाराशिव, सोलापूर, सांगली, कोल्हापूर दोन्हीत.

मी सॉफ्टवेअरमधला माणूस आहे. आमच्याकडे एखादी सिस्टिम चालू असताना तिच्या शेजारी तेच काम करणारी दुसरी बांधायची म्हटलं, की पहिला प्रश्न येतो: पहिलीवर लोड किती आहे? ती कुठे अडते? तिची कुठली मर्यादा संपली? आकडे दाखवल्याशिवाय पुढची मीटिंगसुद्धा होत नाही. माळेगावची यात्रा सोडली, तर लोहा-अहमदपूर पट्ट्यात वाहतूक खोळंबून रस्ता कमी पडतोय अशी तक्रार मी कधी ऐकलेली नाही. तक्रारी ऐकल्यात त्या दुभाजकातल्या चुकीच्या कटबद्दल, गावाजवळ सर्व्हिस रोड नसल्याबद्दल, अंधारात उभ्या ट्रॉलीवर आदळलेल्या पोरांबद्दल. यातली एकही तक्रार नव्या महामार्गाने सुटत नाही.

दुसरा मुद्दा, हा रस्ता आहे तरी काय. आपण 'रस्ता' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे जे येतं त्यात माणूस हात दाखवतो आणि गाडी थांबते. फाट्यावर चहाची टपरी असते, पेरूवाली बसलेली असते, ट्रॅक्टर कडेकडेने चाललेला असतो. द्रुतगती महामार्गाची व्याख्याच याच्या उलट आहे. त्यावर चढायला-उतरायला ठरावीक इंटरचेंज. मधल्या पट्ट्यात कुंपण. समृद्धीवर दुचाकीला बंदी, तीनचाकीला बंदी, ट्रॅक्टरला बंदी. पायी चालण्याचा तर प्रश्नच नाही. कंधार तालुक्यातल्या शंभर घरांसमोर कुठली वाहनं उभी असतात ते आठवा आणि त्यातली किती या रस्त्यावर चालतील ते मोजा.

म्हणून माझ्या 'आपला तालुका वगळला' वाल्या मित्रांना मी विचारतो: समजा रेषा फुलवळवरून नेली असती. मग? गावाला खालून जायला एक बोगदा मिळाला असता, ज्यात पावसाळ्यात पाणी तुंबतं. वरून ताशी १२० च्या वेगाने नागपूरच्या गाड्या गोव्याला गेल्या असत्या. आपल्याला त्यांचा आवाज मिळाला असता. रेषा जवळून जाणं आणि रेषेवर थांबा असणं यात सगळा फरक आहे, आणि आपण गेली कित्येक वर्षं रेषेसाठी भांडतोय.

आत्ताच्या आखणीत ती नांदेड शहराच्या उत्तरेने, अर्धापूरच्या शिवारातून जाते. कंधारच्या माणसाला तुळजापूरला किंवा कोल्हापूरला जायचंय असं धरा. त्याने आधी उलट दिशेने नांदेडला जायचं, पुढे अर्धापूर गाठायचं, साठ-सत्तर किलोमीटर वाया घालवून महामार्गावर चढायचं आणि मग परत नैर्ऋत्येला यायचं. लोह्याहून डावीकडे वळला तर तोच माणूस थेट तुळजापूरच्या रस्त्याला लागतो, आज, फुकट चढून. आणि खरं सांगायचं तर कंधारचं रोजचं तोंड गोव्याकडे नाहीच. दवाखाना आणि कॉलेज नांदेडला, सोयरीक मुखेड-जळकोट-उदगीरकडे, मजुरी हैदराबादला. निजामाच्या राज्यात होतो तेव्हापासूनची ही दिशा. नांदेडहून उदगीर-बिदरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५० आमच्या तालुक्यातून जातो. त्याच्या कामावर कुणी ड्रोनचा व्हिडिओ टाकत नाही, कारण त्याच्या टोकाला समुद्र नाही.

आता नावाकडे येऊ. रस्त्याची आखणी हा गणिताचा प्रश्न आहे असं आम्हाला इंजिनिअरिंगला शिकवलं. दोन टोकं द्या, मधले सक्तीचे बिंदू द्या, कशाला किती किंमत ते द्या, सर्वात स्वस्त मार्ग निघतो. डायक्स्ट्राचा अल्गोरिदम कुठल्याही सेकंड इयरच्या पोराला येतो. पण अल्गोरिदम कधी विचारत नाही की टोकं कुणी निवडली आणि सक्तीचे बिंदू कुणी ठरवले. राजकारण सगळं तिथे असतं. इथे बिंदू म्हणून देव घेतले आहेत. माहूरची रेणुका, तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, सोबत औंढा, परळी, अंबाजोगाई, पंढरपूर. देवांची यादी वाचून झाली की विरोध करणारा आपोआप देवाच्या वाटेत आडवा आलेला ठरतो. किती सोयीचं नाव आहे!

पण देवाला जाणारा माणूस जातो कसा? आमच्या घरातल्या बायका माहूरला एसटीने जातात. नवरात्रात आणि कोजागिरीला तुळजापूरची वाट पायी चालणाऱ्यांनी भरलेली असते. पंढरपूरचं तर सांगायलाच नको, तिथे चालणं हीच भक्ती आहे. ज्या रस्त्यावर वारकऱ्याला पाऊल टाकता येणार नाही, त्याला पंढरपूरचं नाव लावायचं, ही थट्टा आहे. आणि माळेगावचा खंडोबा? मार्गशीर्षात तिथे घोडे, गाढवं, उंट विकायला येतात, लावणीचे फड लागतात, लाखाने माणूस लोटतो. तो यादीत नाही. तो ३६१ वर आहे, लोह्याच्या पुढे. त्याच्या भक्तांना यात्रेच्या दिवसांत चार एसट्या जास्त सोडल्या तरी पुरे असतं.

एसटीचं नाव निघालंच आहे तर हेही बोलू. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. १७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट झालं. आमच्या भागात या दोन निर्णयांनी जेवढी माणसं घराबाहेर काढली तेवढी कुठल्याही सिमेंटच्या रस्त्याने काढली नसतील. आज्या लेकीकडे जायला लागल्या. पोरी नांदेडला क्लासला जायला लागल्या. हे खरं दळणवळण. समृद्धीवर मोटारीला एप्रिल २०२५ पासून किलोमीटरला २ रुपये ६ पैसे टोल आहे. तोच दर धरला तर ८०२ किलोमीटरचे एका बाजूचे साडेसोळाशे रुपये होतात. हा रस्ता कुणासाठी आहे ते टोलच सांगतो.

आणि पैसा. ८६ हजार कोटींना ८०२ ने भागा. किलोमीटरला १०७ कोटी. एवढ्या पैशात काय काय झालं असतं याची यादी देत बसत नाही, ती प्रत्येकाची वेगळी निघेल. एकच आकडा लक्षात ठेवा. मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये भूसंपादनासाठी २०,७८७ कोटींची तरतूद मान्य केली. त्यात १२ हजार कोटी जमिनीचे आणि ८,७८७ कोटी त्या कर्जाच्या संभाव्य व्याजाचे. म्हणजे शेतकऱ्याला जमिनीचे जे मिळणार, त्याच्या जवळपास पाऊण पट नुसतं व्याज. हे कर्ज फेडणार आपण. ज्यांचं वय आज पंचविशीत-तिशीत आहे, ज्यांच्या पगारातून कर कापला जातो, ते. मग रील बघून लाइक ठोकण्याआधी हिशेब मागायचा हक्कही आपलाच आहे.

याच्याशेजारी दुसरा एक मार्ग ठेवून बघा. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वे, २८४ किलोमीटर. तिला मंजुरी २००८-०९ मध्ये मिळाली. तिच्या पहिल्या तुकड्यावर, वर्धा ते कळंब, गाडी सुरू झाली २८ फेब्रुवारी २०२४ ला. पंधरा वर्षांत एक तुकडा. तीच वर्धा, तेच यवतमाळ, तेच नांदेड, पण रेल्वे स्टेशनवर थांबते, मजुराला परवडते आणि रुंदीला कमी जमीन खाते. निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास, गोदावरीच्या खोऱ्यातून हैदराबाद-मनमाड लाइन आली आणि नांदेड, परभणी, जालना वाढले. आमच्यासारखी आडबाजूची गावं तशीच राहिली. सव्वाशे वर्षांनंतरही मराठवाड्याच्या पोटात नवी लाइन टाकायला आपल्याला वेळ नाही, पण सहापदरी रस्त्याची मोजणी पोलीस बंदोबस्तात करायची घाई आहे.

आता जमीन. माझी मावशी अर्धापूरकडे दिलेली आहे. तिकडची माती आणि आमची माती यात जमीन-अस्मानाचा फरक. आमच्याकडे बालाघाटाचे डोंगर, मुरमाड रान, कोरडवाहू सोयाबीन, आणि दिवाळी झाली की ऊसतोडीला निघालेली बैलगाडी. तिकडे इसापूरच्या कालव्याचं पाणी, केळी, हळद. मावशीचं साडेतीन एकर. कालवा यायच्या आधी ते रान कसं होतं आणि नंतर कसं झालं हे तिने सासूकडून ऐकलंय. तिला मी विचारलं, पैसे चांगले मिळाले तर देशील का. ती म्हणाली, "लेकरा, पैसा बँकेत पडतोय, अन् बँकेचं पासबुक तुझ्या काकाच्या खिशात हाय. रानात मी उभी ऱ्हाते."

या वाक्यावर मला कुठल्याही तज्ज्ञाचं भाष्य नको आहे. मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो. त्या रानात राबणारी बाई, सालगडी, हळद शिजवायला येणारी टोळी, केळीचे घड भरणारे हमाल, यांची नावं सातबाऱ्यावर नसतात. पुण्यात नोकरी करणारा भाऊ चेक घ्यायला तयार असतो, कारण त्याच्यासाठी ते रान म्हणजे वर्षातून दोनदा बघायची वस्तू. त्या भावांत माझ्या वयाची आणि माझ्या धंद्यातली पोरं भरपूर आहेत. काही शेतकरी खुशीने जमीन देतायत हे खरंच आहे, आणि कोरडवाहूच्या कर्जात बुडालेल्याने दिली तर त्याला दोष देणारा मी कोण? पण त्याची अडचण म्हणजे महामार्गाला संमती नव्हे. उपाशी माणसाने विकलेल्या भांड्यावरून भांड्याची किंमत ठरत नसते.

बरं, विरोध सगळीकडे सारखा मोजला जातो का? कोल्हापुरात शेतकरी रस्त्यावर उतरले. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर, त्या जिल्ह्यापुरती भूसंपादनाची अधिसूचना मागे घेतली गेली. निवडणूक झाली, आणि आठ महिन्यांत पूर्ण ८०२ किलोमीटरला मान्यता आली. पुन्हा आरडाओरड झाली, तशी पश्चिम महाराष्ट्रातली आखणी बदलायची भाषा सुरू झाली. कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्यांचं मला कौतुकच आहे. त्यांच्याकडे साखर कारखाने आहेत, संघटना आहेत, आमदार घाबरतात. पण मग हा प्रश्न उरतो: जी रेषा तिकडे वळू शकते ती अर्धापुरात आणि वसमतमध्ये दगडावरची का असते? तिकडचा ऊस बागायत आणि इकडची हळद काय, गवत आहे? अर्धापूरचे शेतकरीही मोजणी अडवायला उभे राहिले होते. त्यांची बातमी जिल्ह्याच्या पानावरून पुढे सरकली नाही.

'मराठवाडा मागास, मागास म्हणून रडता आणि रस्ता आला की नको म्हणता', हा टोमणा मला ठरलेला आहे. त्याचं उत्तर आहे. अनुशेष म्हणजे जे इतरांना मिळालं आणि आम्हाला मिळालं नाही ते. १९८४ च्या दांडेकर समितीने तो मोजला तेव्हा सिंचन, रस्ते, शाळा, दवाखाने, वीज असं खातं-खातं करून मोजला होता. त्या मोजणीत कुठेही 'नागपूर ते गोवा किती तासांत' असं खातं नव्हतं. आमच्या रानातून दुसऱ्या दोन ठिकाणांना जोडणारी रेषा ओढली म्हणून आमचा अनुशेष भरत नाही. समृद्धीचं उदाहरण ताजं आहे. ७०१ किलोमीटर, ११ डिसेंबर २०२२ ला पहिला टप्पा, ५ जून २०२५ ला शेवटचा. त्या रस्त्याच्या कडेने 'कृषी समृद्धी केंद्रं', म्हणजे नवी नगरं उभी राहतील, शेतमालावर प्रक्रिया होईल, पोरांना गावात नोकऱ्या मिळतील असं जमिनी घेताना सांगितलं होतं. रस्ता ठरल्याप्रमाणे झाला. नगरं उभी राहिलेली नाहीत. म्हणजे आश्वासनातला जो भाग मुंबई-नागपूरच्या कामाचा होता तो पूर्ण झाला, आणि जो गावाच्या कामाचा होता तो कागदावर राहिला. शक्तिपीठच्या वेळी वेगळं घडेल असं मानायला मला एक तरी कारण द्या.

मग हवं काय? नुसता नकार देऊन मला थांबायचं नाही.

एक, नागपूर-रत्नागिरी महामार्गाच्या प्रत्येक टोलनाक्यावरून रोज किती गाड्या जातात ते आकडे मराठीत आणि गावागावांत लावा. रस्ता खरंच अपुरा असेल तर तो रुंद करा. त्याच्या कडेची जमीन आधीच रस्त्याची झालेली आहे. दोन, आखणी ज्या गावांतून जाते त्या प्रत्येक गावाची ग्रामसभा मोजणीच्या आधी घ्या, आणि तिथे नुसता सातबारावाला नको, शेतात राबणारी बाईसुद्धा बोलली पाहिजे. तीन, नांदेड-यवतमाळ-वर्धा रेल्वे आधी पूर्ण करा. चार, तालुक्याच्या गावांपासून ३६१ पर्यंतचे फाटे नीट करा आणि त्यांवर सकाळी कॉलेजच्या आणि संध्याकाळी परतीच्या एसट्या वाढवा. यातल्या कशाचंही ड्रोनवरून चित्रीकरण भारी दिसणार नाही, हे मला मान्य आहे.

आणि तुम्ही, जे हे पुण्यात, हैदराबादेत किंवा बंगळुरूत बसमध्ये उभ्याने वाचताय. तुमच्या गावाचं नाव अधिसूचनेत आहे का ते आज रात्री बघा. गट नंबर दिलेले असतात. असेल तर घरी फोन करा आणि भावाशी नको, आईशी बोला. नसेल, तरी शेजारच्या तालुक्यात कुणाची तरी मावशी रानात उभी आहे. तिच्या बाजूने बोलायला आपली जमीन जावी लागत नाही.